आयसी बदलली की आवाज बदलतो का?

‘४५५८ काढा, ५५३२ टाका, आवाज खुलतो.’ मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अ‍ॅम्प्लिफायरचं सामान घेणाऱ्याला हा सल्ला आज ना उद्या मिळतोच. आपल्याकडच्या असंख्य असेंबल्ड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बेस-ट्रेबलच्या बोर्डवर आठ पायांची एक काळी आयसी असते, तिच्यावर ४५५८ हा नंबर असतो. ती म्हणजे ऑप-अ‍ॅम्प. सॉकेटवर असेल तर सोल्डरिंगही नको. जुनी उपसायची, तिच्या जागी ५५३२ नंबरची नवी दाबून बसवायची. मग लोक सांगतात, तबल्याची चाट स्वच्छ झाली, गायकाचा श्वास ऐकू यायला लागला. मला या छंदाबद्दल आपुलकी आहे, कारण त्यातून माणूस उपकरण उघडून बघायला शिकतो. पण उघडलंच आहे तर तिथली सगळ्यात सुंदर गोष्टही बघावी: निगेटिव्ह फीडबॅक.

ऑप-अ‍ॅम्पला दोन इनपुट असतात आणि त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक ती लाख-दोन लाख पट वाढवते. एवढी वाढ कुणालाच नको असते. शिवाय ती बेभरवशाची; एकाच कारखान्यातल्या दोन आयसींत वेगळी, तापमानाबरोबर वेगळी, फ्रिक्वेन्सी वाढली की कमी. यातून अचूक अ‍ॅम्प्लिफायर कसा करायचा? अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतले अभियंते हॅरोल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून कामावर निघाले होते, तेव्हा त्यांना उत्तर सुचलं. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्यांनी ते मांडलं. आउटपुटचा ठरलेला हिस्सा उलटा करून इनपुटला परत द्यायचा. आउटपुट हवं त्यापेक्षा वर गेलं की तो हिस्सा त्याला खाली खेचतो, खाली गेलं की वर आणतो. वाढ खर्ची पडते आणि त्या बदल्यात अचूकता मिळते.

किती अचूकता, ते आकड्यांत पाहू. दोन रेझिस्टर लावून आउटपुटचा दहावा हिस्सा परत दिला, तर आपल्याला दहा पट वाढ हवी आहे. ऑप-अ‍ॅम्पची स्वतःची वाढ एक लाख असेल तर मिळणारी वाढ १,००,००० भागिले १०,००१, म्हणजे ९.९९९०. तीच दोन लाख असेल तर ९.९९९५. आयसी दुप्पट ‘ताकदीची’ झाली आणि फरक पडला ०.०००४ डेसिबल! शांत खोलीत लागोपाठ ऐकवलं तरी कान फार तर काही दशांश डेसिबल पकडतो.

जाणकार म्हणतील, वरच्या सुरांचं काय? रास्त प्रश्न आहे. दहा मेगाहर्ट्झ गेन-बँडविड्थच्या (म्हणजे वाढ गुणिले फ्रिक्वेन्सी इतकी असलेल्या) आयसीची वाढ २० किलोहर्ट्झला फक्त ५०० उरते. पण तिथे पाव चक्राचा उशीरही असतो, त्यामुळे साधी बेरीज न करता काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखा हिशेब करावा लागतो: ५०० चा दहावा हिस्सा ५०, म्हणून ‘१ अधिक ५० चा वर्ग’ याच्या वर्गमुळाने ५०० ला भागायचं. उत्तर ९.९९८. म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या टोकालाही वाढ रेझिस्टरच ठरवतात, आणि आयसीची स्वतःची विकृतीही (डिस्टॉर्शन) तिथे सुमारे पन्नास पटीने दबते.

पीटर बॅक्सँडल यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या टोन कंट्रोलमध्ये तर बेस-ट्रेबलचं सगळं जाळं फीडबॅकच्या वाटेतच असतं. तिथले कपॅसिटर दहा टक्के इकडेतिकडे असतील, डावं-उजवं पोटेन्शियोमीटर जुळत नसेल, तर त्याने होणारा बदल वरच्या सगळ्या आकड्यांना मागे टाकतो. त्या स्वस्त भागांकडे कुणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आउटपुट किती झपाट्याने बदलू शकतं, त्या वेगाचंही तसंच. दोन व्होल्टचा २० किलोहर्ट्झचा सूर हाताळायला दर मायक्रोसेकंदाला ०.३६ व्होल्ट इतका वेग पुरतो. ४५५८ एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त देते. ५५३२ नऊ देते, पण ते नऊ वापरणार कोण?

तरीही बदल खरोखर ऐकू येतो, अशा जागा आहेत. मायक्रोफोन किंवा रेकॉर्ड प्लेअरच्या पहिल्या टप्प्यावर सिग्नल इवलासा असतो. तिथे टीएल०७२ या दुसऱ्या एका आयसीच्या जागी ५५३२ घातली तर सुसकारा कमी होऊ शकतो. उलट दिशेचे बदलही आहेत. ५५३२ च्या इनपुटमध्ये साधारण २०० नॅनोअ‍ॅम्पिअर करंट वाहतो. वाटेत १०० किलो-ओहमचा रेझिस्टर असेल तर २० मिलिव्होल्ट डीसी (सिग्नल नसतानाही असणारं स्थिर व्होल्टेज) तयार होतं, दहा पट वाढीनंतर २००, आणि व्हॉल्यूम फिरवताना खरखर सुरू होते. शिवाय तिला ४५५८ च्या दुपटीहून जास्त करंट लागतो. झेनर डायोडवर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागावर) चालणारा कमजोर सप्लाय दबतो.

सगळ्यात फसवं म्हणजे ऑसिलेशन, आयसीने स्वतःच कंप पावू लागणं. फीडबॅक विरोध करतो तो वेळेवर पोचतो म्हणून. अतिवेगवान आयसी जुन्या बोर्डवर बसवली, तिच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर नसला, तर काही मेगाहर्ट्झला तो विरोध उशिरा पोचतो आणि, झोका परत फिरताना दिलेल्या धक्क्यासारखा, चढवत नेतो. कानाला ते मेगाहर्ट्झ ऐकू येत नाहीत. आयसी गरम होते, ऐकू येणाऱ्या सुरांत विकृती मिसळते, आणि कुणाला तीच ‘जास्त तपशील’ वाटते.

नवी आयसी शंभर तास वाजवून मुरवावी लागते, या समजाला आधार नाही. तापमान स्थिरावायला काही मिनिटं पुरतात. त्यानंतर मुरतात ते कान. महागड्या आयसी याच समजावर खपवल्या जातात, आणि पैसे जातात ते हौशी माणसाचे.

पारख घरीच करता येते. सारखेच दोन बोर्ड घ्या, एकावर जुनी आयसी, एकावर नवी. ४०० हर्ट्झचा सूर वाजवून मल्टिमीटरने दोन्हींचं आउटपुट एक टक्क्याच्या आत जुळवा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. मग दुसऱ्या कुणालातरी, तुम्हाला न सांगता, अदलाबदल करायला लावा. १६ पैकी १२ किंवा जास्त वेळा ओळखलंत, तर निव्वळ अंदाजाने तसं जमण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. तेवढं जमलंच, तर आधी नव्या आयसीवर बोट ठेवून ती तापलीय का ते बघा आणि आउटपुटवर डीसी मोजा.