घटलेलं वजन परत येतं तेव्हा: बॅरिएट्रिक सर्जरीच्या सत्तर वर्षांची पार्श्वभूमी

बॅरिएट्रिक सर्जरीनंतर, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठरावर किंवा आतड्यावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, साधारण पहिले बारा ते अठरा महिने वजन भराभर उतरतं. मग काटा स्थिरावतो आणि पुष्कळांच्या बाबतीत हळूहळू पुन्हा वर चढू लागतो. ‘पहिले पाढे पंचावन्न’ म्हणून आजूबाजूचे मोकळे होतात. ज्याचं वजन वाढलंय तो स्वतःवर चिडतो, आणि डॉक्टर रागावतील या धास्तीने फॉलोअपला जायचंच टाळतो. नेमकी मदत लागते तेव्हाच तो एकटा पडतो. वजन परत आलं म्हणजे माणूस चुकला, हे समीकरण या शस्त्रक्रियेच्या इतिहासातच तयार झालं. ते मोडायला बरीच वर्षं लागली आणि अजूनही ते पुरतं मोडलेलं नाही.

सुरुवात झाली ती आतड्यापासून. १९५४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याच्या शस्त्रक्रियेवरचं काम प्रसिद्ध केलं. अन्न पोटात जाईल पण अंगी लागणार नाही, असा हिशोब होता. वजन खरोखरच उतरलं, पण सोबत सततचे जुलाब, मूतखडे, जीवनसत्त्वांची कमतरता आणि काहींचं यकृत निकामी होणं, अशी मोठी किंमत मोजावी लागली. अनेकांचं आतडं पुन्हा पूर्ववत जोडावं लागलं आणि जोडल्यावर वजन परत आलं. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. वर्षानुवर्षं वजन कमी राहूनही शरीर जुनं वजन विसरलं नव्हतं. पण त्या काळात चर्चा झाली ती गुंतागुंतीची; हा दुसरा धडा तसाच बाजूला राहिला.

पुढचा टप्पा आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांचा. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन कमी होतं आणि प्रयत्न करूनही वाढत नाही, हे सर्जन पाहत आले होते. त्यावरून मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये गॅस्ट्रिक बायपास केला. जठराचा वरचा छोटा कप्पा, म्हणजे पाऊच, थेट आतड्याला जोडायचा. सुरुवातीचे पाऊच बरेच मोठे असत. पुढे ते ५० मिलिलिटरच्या आत आणले गेले. इथून एक साधी, पटणारी कल्पना रुजली: पिशवी लहान म्हणून खाणं कमी, खाणं कमी म्हणून वजन कमी. मग वजन वाढलं तर त्याचा अर्थ एकच, पिशवी ताणली. आणि ती ताणली कोणी? रुग्णाने, जास्त खाऊन.

ही कल्पना सर्वस्वी चुकीची नव्हती. जठर विभागणाऱ्या स्टेपलची, म्हणजे धातूच्या टाक्यांची, ओळ सुटून त्याचे दोन भाग पुन्हा एकमेकांना मिळत, पाऊच आणि आतड्यामधला जोड रुंद होई, आणि वजन वाढे. पण हे बिघाड शस्त्रक्रियेच्या रचनेतले होते.

१९८० च्या दशकात मेसन यांचीच दुसरी शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली. तिच्यात जठराला उभे स्टेपल मारून खालच्या तोंडाला अरुंद पट्टा बसवत, आतड्याला हात लावत नसत. या पट्ट्यापाशी काय घडायचं हे डोळ्यांसमोर आणून पाहा. मांसाचा तुकडा किंवा मऊ पावाचा घास तिथे अडकायचा, छातीत कळ यायची, तोंडाला पाणी सुटायचं आणि उलटी व्हायची. आइसक्रीम किंवा मिल्कशेक मात्र अलगद खाली उतरायचं. महिनोन् महिने असं चाललं तर माणूस काय खायला लागेल? जे उतरतं तेच. १९८७ मध्ये शुगरमन आणि सहकाऱ्यांनी या शस्त्रक्रियेची बायपासशी तुलना केली. गोड जास्त खाणाऱ्यांचं वजन बायपासमध्ये कितीतरी अधिक घटलं. निष्कर्ष उपयोगी होता, पण त्यातून ‘गोडखाऊ रुग्ण’ असा शिक्का तयार झाला. घनपदार्थ अडवून द्रव पदार्थांना वाट मोकळी ठेवणारी ती रचनाच होती, हे त्या शिक्क्याआड झाकलं गेलं.

खरा उजेड पडला तो दीर्घकाळ मोजमाप झाल्यावर. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनच्या एसओएस (स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स) या लठ्ठ रुग्णांच्या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटलं आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्के होती. जठराभोवती नुसता पट्टा (बँड) बसवलेल्यांची घट २० वरून १४ टक्क्यांवर आली. अमेरिकेतल्या युटामध्ये बायपासनंतर बारा वर्षं मागोवा घेतला गेला, त्याचे आकडे २०१७ मध्ये आले: दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो घट, सहा वर्षांनी सुमारे ३६, बारा वर्षांनी ३५. म्हणजे थोडं वजन परत येणं हे सरासरी माणसाच्या बाबतीत घडतंच. आणि तेवढं येऊनही मोठी घट टिकते.

का येतं, हेही याच काळात उलगडत गेलं. १९९४ मध्ये लेप्टिन या भूक आवरणाऱ्या हार्मोनचा, १९९९ मध्ये घ्रेलिन या भूक वाढवणाऱ्या हार्मोनचा शोध लागला. १९९५ मध्ये लीबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वजन घटलेलं शरीर अपेक्षेपेक्षा कमी ऊर्जा खर्च करतं. २०११ मधल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात डाएटने वजन घटवलेल्यांची भुकेची हार्मोन्स वर्षभरानंतरही जास्त खायला लावणाऱ्या दिशेनेच झुकलेली होती. बायपास आणि स्लीव्ह (जठराचा बराच भाग काढून ते नळीसारखं अरुंद करणं) या शस्त्रक्रिया हार्मोन्सच बदलतात, म्हणून त्या डाएटपेक्षा इतक्या परिणामकारक ठरतात. पण शरीराचा ओढा त्या पुसून टाकत नाहीत.

या पार्श्वभूमीवर ‘पाऊच रिसेट’ हा प्रकार पाहायला हवा. चार-पाच दिवस फक्त पातळ पदार्थ घ्यायचे आणि ताणलेलं पाऊच पूर्ववत लहान करायचं, असं रुग्ण एकमेकांना सांगत असतात. पातळ खाण्याने पाऊच आकसत नाही. त्या दिवसांत उतरलेले किलो बहुतेक पाण्याचे आणि ग्लायकोजेनचे, म्हणजे शरीरातल्या साखरेच्या साठ्याचे, असतात. या उपायामागे जुनीच पिशवीची कल्पना आहे, आणि शिक्षेचीही. दिवसभर येता-जाता चरण्याची सवय त्याने काही दिवस मोडते, हे खरं. पण ते काम उपाशी न राहताही होतं. जेवणाच्या ठरलेल्या वेळा, ताटात आधी प्रथिनं, जेवताना पाणी नाही, गोड पेयं बंद, स्नायू टिकवणारा व्यायाम. मद्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. बायपासनंतर ते रक्तात झपाट्याने चढतं, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत मद्याशी निगडित समस्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी वाढलेल्या आढळल्या.

आणि एवढं करूनही काटा हलला नाही, तर तो इच्छाशक्तीचा पराभव नव्हे. स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधं वजन वाढवतात. नैराश्य, झोपेचे विकार, थायरॉइड तपासावे लागतात. एंडोस्कोपीत जोड रुंद झालेला दिसला तर तो तोंडावाटे दुर्बिणीनेच टाके घालून अरुंद करता येतो. पुन्हा मोठी शस्त्रक्रिया हा पर्याय आहे, पण पहिल्यापेक्षा जोखमीचा. औषधांनी चित्र बरंच बदललं आहे. २०२३ च्या एका ब्रिटिश चाचणीत सर्जरीनंतर पुरेसं वजन न घटलेल्यांना लिराग्लुटाइड हे भूक कमी करणारं इंजेक्शन दिलं, तेव्हा २४ आठवड्यांत सरासरी ८.८ टक्के वजन उतरलं. औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांचं अर्धा टक्का. ही औषधं थांबवली की बहुतेकांचं वजन परत चढतं, हे सुरू करण्याआधीच बोलून घ्यावं.

वेळेबद्दल एक गोष्ट २०१८ च्या अमेरिकी अभ्यासातून कळते. बायपासनंतर सर्वांत कमी वजन गाठलं की पुढच्या पहिल्याच वर्षी ते सर्वांत वेगाने परत येतं. तेव्हा दहा-पंधरा किलो चढायची वाट पाहू नये, तीन-चार किलोलाच भेट घ्यावी. उलट्या, गिळताना त्रास किंवा पोटात कळ असेल तर लगेच. जाताना ऑपरेशनची मूळ नोंद, सर्वांत कमी वजन किती आणि कधी होतं ते, आणि सध्याच्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्यावी. सर्जन बदलला असेल तर ती मूळ नोंद आधी मागवून घ्यावी, कारण आत नेमकं काय आणि कसं जोडलंय यावर पुढचा प्रत्येक निर्णय ठरतो.