ट्रॅमाडॉलजन्य आकडी

ट्रॅमाडॉल या वेदनाशामकामुळे येणारी आकडी (बोलीत ‘फिट’). ती बहुधा सर्वांगाची असते : शरीर ताठरते, मग हातपाय झटकू लागतात. बहुतेकदा ती एकदाच, मात्रेनंतरच्या पहिल्या सहा तासांत येते. चोवीस तासांनंतर क्वचितच. पूर्वी कधीही अपस्मार नसलेल्यालाही ती येऊ शकते.

हे औषध ग्र्युनेन्थाल कंपनीने १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आणले. २०१३ मध्ये कॅमेरूनमधील नॉक्लिया लॅटिफोलिया या झाडाच्या मुळांच्या सालीत ट्रॅमाडॉल आढळल्याचे प्रसिद्ध झाले. हे झाड तेथील लोक अपस्मारावरही वापरतात, हा योगायोग गमतीचा. पुढील वर्षी जर्मन संशोधकांनी, गुरांना दिलेले औषध मलमूत्रातून मातीत व तेथून मुळांत गेले असावे, असे मांडले. वाद पुरता मिटलेला नसला, तरी दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे.

मेंदूतील रसायनांशी या औषधाचा संबंध तिहेरी आहे. ट्रॅमाडॉल म्हणजे परस्परांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रेणूंचे मिश्रण. त्यांतील एक मुख्यतः सेरोटोनिनचे, तर दुसरा नॉरएपिनेफ्रिनचे (दोन्ही चेतापेशींमधील निरोपे) चेतापेशीतील पुनर्शोषण रोखतो. अफूच्या ग्राहींवरचे (अफूसारखी औषधे पेशीवर जेथे चिकटतात त्या जागांवरचे) वेदनाशामक काम मात्र बव्हंशी यकृतातील सीवायपी२डी६ या एंझाइमाने तयार होणारे ओ-डेसमेथिलट्रॅमाडॉल करते. आकडीचे खापर पूर्वी सेरोटोनिनवर फुटे. पण केवळ सेरोटोनिन वाढवणारी औषधे नेहमीच्या मात्रेत आकडी सहसा आणत नाहीत. रक्तातील प्रमाण फार वाढल्यावर गाबा-ए ग्राहींचा (चेतापेशींना शांत ठेवणाऱ्या ग्राहींचा) लगाम सैल पडतो, हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. प्राण्यांमध्ये बेंझोडायझेपिन व बार्बिट्युरेट या शामक औषधांनी हे झटके आवरले, तर अफू-ग्राही अडवणाऱ्या नॅलोक्सोनने वाढले. म्हणजे दोष एकट्या अफू-ग्राहींचा नाही.

दिवसाची कमाल मात्रा ४०० मिग्रॅ. आहे. ती न ओलांडताही आकडी येऊ शकते. नेहमीचा घोटाळा असा : नैराश्यासाठी पॅरोक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन चालू असते, ते सीवायपी२डी६ अडवते. मग मूळ ट्रॅमाडॉल साचते, वेदनाशामक घटक कमी बनतो, दुखणे थांबत नाही आणि रुग्ण आणखी एक गोळी घेतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या गाळण्याचे माप) मिनिटाला ३० मिली.पेक्षा कमी असल्यास दोन मात्रांत १२ तासांचे अंतर ठेवून दिवसाला २०० मिग्रॅ.वर थांबावे लागते.

उपचारात रुग्णाला कुशीवर वळवून श्वासमार्ग मोकळा ठेवतात, ग्लुकोज तपासतात आणि लोराझेपाम (एक बेंझोडायझेपिन) ४ मिग्रॅ. शिरेतून सावकाश देतात. फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाचा विषबाधेतील झटक्यांवर फारसा उपयोग होत नाही. श्वास मंदावला असेल, तर नॅलोक्सोन द्यावेच लागते, पण थोडे थोडे व आकडीवर लक्ष ठेवून. संयुक्त गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ व पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ. असते, तिचा अतिरेक झाल्यास चार तासांनंतर रक्तातील पॅरासिटामॉलही मोजतात, कारण आकडीच्या गडबडीत पॅरासिटामॉलने यकृताला होणारी इजा विसरली जाते.

पेथिडीन या दुसऱ्या अफूवर्गीय वेदनाशामकामुळे येणारी आकडी निराळी : तेथे मूत्रपिंड निकामी असताना साचणारे, पेथिडीनपासून शरीरात बनणारे नॉरपेथिडीन कारणीभूत असते. भारतात ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून अंमली औषधे व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली येते.