सायलेन्सर फोडून पिकअप येत नाही

दर काही महिन्यांनी एक फोटो हमखास छापून येतो. पोलीस ठाण्याच्या आवारात कर्णकर्कश सायलेन्सर ओळीने मांडलेत आणि त्यांवरून रोडरोलर फिरतोय. सातारा असो की सांगली, फोटो तोच आणि त्यावरचा वादही तोच: "आवाजाचं सोडा हो, पण आतली जाळी काढली की गाडी मोकळी पळते, पॉवर वाढते." यात तथ्य अगदीच नाही असं नाही. पण ते ज्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या इंजिनाच्या फेऱ्यांना) लागू पडतं, तिथे क्रूझर, म्हणजे निवांत लांब पल्ल्याची बाईक, चालवणारा माणूस क्वचितच जातो.

आधी टॉर्क आणि हॉर्सपॉवरचा घोळ निस्तरू. टॉर्क म्हणजे क्रँकला (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याला) बसणारा पीळ. तो पीळ मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो, त्याचा हिशेब म्हणजे पॉवर. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणा, ७१२१ ने भागा, बीएचपी, म्हणजे हॉर्सपॉवरमधली पॉवर, मिळते. कृष्णाकाठी उसाला पाणी ओढणारं ५ हॉर्सपॉवरचं, १५०० आरपीएमचं डिझेल इंजिन घ्या. टॉर्क निघतो सुमारे २३.७ न्यूटन-मीटर. आता रॉयल एनफिल्डचं सध्याचं ३५० सीसी इंजिन घ्या, क्लासिक आणि मीटिओरमध्ये असतं ते. त्याची कमाल पॉवर २०.२ बीएचपी, ६१०० आरपीएमला. उलटा हिशेब केला तर तिथला टॉर्क येतो २३.६! पीळ दोघांचा सारखाच. बुलेट फक्त चौपट वेगाने फिरते, म्हणून तिची पॉवर चौपट.

याच बुलेटचा कमाल टॉर्क २७ न्यूटन-मीटर आहे, पण तो ४००० आरपीएमला. म्हणजे ४००० नंतर प्रत्येक फेऱ्यातला पीळ उतरणीला लागलेला असतो. फेरे त्याहून जास्त वेगाने वाढतात, म्हणून पॉवर ६१०० पर्यंत चढत राहते. क्रूझरवाल्याचं आयुष्य जातं २५०० ते ४००० मध्ये. त्याला कागदावरची हॉर्सपॉवर नकोच असते, त्याला या पट्ट्यातला टॉर्क हवा असतो. दोन्ही एकदम वाढवून देतो म्हणणाऱ्याला 'किती आरपीएमला?' एवढंच विचारावं.

फेरे वाढवून पॉवर काढायचा रस्ता इथे जवळजवळ बंद आहे. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८५.८ मिलिमीटर, म्हणजे लांब स्ट्रोकचं इंजिन. ६१०० आरपीएमला वरच्या टोकाशी पिस्टनवर गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजारपटीहून जास्त त्वरण येतं. ३०० ग्रॅमचा पिस्टन धरला तरी पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला सहाशे किलोंहून जास्त ओढ बसते. हा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ७५०० ला तो दीडपट होतो. रेव्ह लिमिटर (फेऱ्यांना लगाम घालणारी सोय) काढून देणारे लोक हा आकडा सांगत नाहीत.

मग उरतो दुसरा रस्ता: प्रत्येक घासात जास्त हवा भरणं. टॉर्क म्हणजे अखेर हवाच. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, पण ते जाळायला ऑक्सिजन लागतो. मे महिन्यात सांगलीत, ४० अंशांच्या उन्हात, ३४९ सीसी सिलिंडर काठोकाठ भरला तर आत हवा मावते सुमारे ०.३७ ग्रॅम. तिच्यासोबत पेट्रोल जेमतेम ०.०३ ग्रॅम. तीच गाडी पसरणी घाट चढून महाबळेश्वरला नेली, तिथे २८ अंश तापमान असलं, तर हवा राहते ०.३५ ग्रॅम. थंडाव्याने थोडं परत मिळतं, उंचीने जास्त जातं. एकूण तूट साधारण सहा टक्के. वर गाडी सुस्तावते ती यामुळे, इंजिनात काही बिघडलेलं नसतं.

आता खरी गंमत. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत पिस्टन तळाला पोचला की हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह बंद होतो. प्रत्यक्षात पिस्टन तळ गाठून परत वर निघतो, तरी व्हॉल्व्ह उघडाच असतो. क्रँक आणखी चाळीस, पन्नास, कधी साठ अंश फिरेपर्यंत. पिस्टन वर येतोय, दार उघडं आहे, तरी हवा बाहेर का पडत नाही? कारण हवेला वजन आहे आणि ती वेगात आहे. फलाटावर लागलेल्या एसटीच्या दारात मागची गर्दी पुढच्यांना आत रेटत राहते, आत जागा संपली तरी. इनटेक पाइपातला हवेचा स्तंभ तसाच रेटतो. व्हॉल्व्ह म्हणजे तिथला कंडक्टर: दार लवकर ओढलं तर येणारे बाहेर राहतात, उशिरा ओढलं तर आत आलेलेच परत बाहेर ढकलले जातात.

हा रेटा किती, ते आरपीएमवर ठरतं. इनटेक पोर्ट, म्हणजे हवा सिलिंडरात नेणारी वाट, ३३ मिलिमीटरचं धरू. २००० आरपीएमला त्यातून हवा सरासरी २७ मीटर प्रति सेकंद वेगाने जाते, ६००० ला ८२ मीटरने. वेग तिप्पट, पण रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून नऊपट. शिवाय पिस्टनने तळ सोडल्यापासूनचे ५० अंश पार व्हायला २००० आरपीएमला ४.२ मिलिसेकंद लागतात, ६००० ला अवघे १.४. हळू फिरताना रेटा कमी आणि हवेला परत फिरायला वेळ जास्त, असा दुहेरी तोटा.

'हॉट कॅम' म्हणून जो कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) विकला जातो, तो हेच दार आणखी उशिरा बंद करतो. समजा मूळचा कॅम ५० अंशांना बंद होत होता, नवा ७० ला होतो. वीसच अंशांचा फरक. पण कनेक्टिंग रॉडची नेहमीची लांबी धरली तर ५० अंशांना पिस्टन तळापासून १२ मिलिमीटर वर आलेला असतो, ७० ला २३ मिलिमीटर. म्हणजे ४८ सीसीच्या जागी तब्बल ९४ सीसी जागा पिस्टनने दार उघडं असताना व्यापली. ६००० ला रेटा दांडगा असल्याने हवा टिकते, टॉर्क वाढतो, पॉवरचा आकडा छान दिसतो. २००० ला त्यातली बरीचशी हवा फिल्टरकडे परत जाते. जी उरते तीच दाबली जाते, म्हणून कॉम्प्रेशनही खऱ्या अर्थाने घटतं. नवा कॅम बसवल्यावर खाली गाडी मेल्यासारखी वाटते आणि वर अचानक जागी होते, ती याच कारणाने. क्रूझरला कॅम बदलायचाच असेल तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा घेऊ नये. तेवढ्याच वेळात जास्त उंच उचलणारा घ्यावा. मग व्हॉल्व्ह स्प्रिंगही तपासाव्या लागतात.

यावर दाबाच्या लाटांचा आणखी एक थर आहे. व्हॉल्व्ह उघडल्यावर निघालेली कमी दाबाची लाट पाइपाच्या उघड्या टोकावरून जास्त दाबाची होऊन परत येते. ३० सेंटिमीटर लांबी धरली तर जाऊन-येऊन १.७ मिलिसेकंद, ६००० आरपीएमला क्रँक तेवढ्यात ६० अंश फिरतो, २००० ला २०. ती लाट दार बंद होण्याच्या ऐन वेळी आली तर फायदा, चुकली तर तोटा. म्हणजे पाइपाची लांबी ठरावीक आरपीएमसाठीच जुळते.

पोर्ट ग्राइंड करून रुंद केल्याने काय होतं तेही इथेच कळतं. ३३ चं ३६ केलं की त्याच आरपीएमला हवेचा वेग १६ टक्के घटतो आणि रेटा २९ टक्के. पोर्टच्या आतली कास्टिंगची कडा, गॅस्केटची बाहेर आलेली किनार एवढं साफ करावं, व्हॉल्व्ह सीट नीट लॅप करावी (घासून घट्ट बसती करावी), आणि थांबावं.

सायलेन्सरचंही असंच. 'इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच' हेही खरं नाही. कोंडलेला दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो. त्याला हवी असते एक्झॉस्ट पाइपातून वेळेवर परतणारी कमी दाबाची लाट, जी दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना जळका वायू ओढून घेते. जाळी काढली की त्या लाटेची वेळ आणि जोर बदलतो. वरच्या आरपीएमला बीएचपीचा एखादा अंश मिळतो, मधल्या पट्ट्यात बहुधा खड्डा पडतो. आणि मिश्रण बिघडतं. ऑक्सिजन सेन्सर संथ चालीत मिश्रण सावरतो, पण पूर्ण रेस दिल्यावर ईसीयू (इंजिनाचा संगणक) साठवलेल्या तक्त्यावरच चालतो. हवा वाढली, तक्ता जुना, म्हणजे मिश्रण लीन, त्यात पेट्रोल कमी. कमाल पॉवरला हवा-पेट्रोलचं प्रमाण १२.५ ते १३ हवं. ते १४ च्या वर गेलं की इंजिनाचं हेड तापतं, नॉकिंग (मिश्रणाचं आपोआप धडाडून पेटणं) सुरू होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. प्लगचं पांढरं चिनी मातीचं टोक फिकट तपकिरी दिसावं. पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं असेल तर गाडी लीन आहे. कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा, ईसीयू असेल तर डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून नवं मॅपिंग. रेस सोडल्यावर वाजणारे फटाके म्हणजे सिलिंडरबाहेर जळणारं पेट्रोल. त्यातून चाकाला काहीही मिळत नाही.

कमी फेऱ्यांना टॉर्क देणारा बदल म्हणजे कॉम्प्रेशन. सिलिंडरभर मिश्रण किती पट दाबलं जातं, त्याचं कंपनीचं प्रमाण ९.५ आहे. ते १०.५ करायला पिस्टन वरच्या टोकाला असताना वर उरणारी जागा ४१ सीसीवरून ३७ सीसीच्या आत आणावी लागते, म्हणजे हेड किंवा बॅरल जेमतेम एक मिलिमीटर घासायचं. आदर्श चक्राच्या गणिताने यातून पावणेतीन टक्के मिळतात, त्याहून जास्त नाही. त्या बदल्यात व्हॉल्व्ह पिस्टनच्या एक मिलिमीटर जवळ येतात. पिस्टनवर मऊ माती थापून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून, दबलेल्या मातीची जाडी मोजावी: इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिलिमीटर तरी हवी. टायमिंग चेनही सैल पडते आणि कॅम थोडा मागे जातो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात, उन्हाळ्यात, मागे माणूस बसवून यवतेश्वरचा घाट चढताना नॉकिंग आलं तर पावणेतीन टक्क्यांपायी पिस्टन जातो.

बोअर ७५ मिलिमीटर केला तर इंजिन ३७९ सीसीचं होतं, साडेआठ टक्के जास्त हवा, तीही सगळ्या आरपीएमला. तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यात प्रामाणिक उपाय. पण आरसी बुकात ३४९ लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे बदल बसत नाहीत आणि १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पेट्रोलच्या नळीवर लावायचं लोहचुंबक मात्र कुठल्याच कायद्यात अडकत नाही, कारण त्याने काहीच बदलत नाही. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो. हँडलला लिंबू-मिरची बांधली तर निदान खर्च तरी कमी. जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोललाही तेच लागू: ऑक्टेन म्हणजे नॉकिंग सहन करायची ताकद. इंजिन मुळात नॉक करत नसेल आणि ईसीयू त्याप्रमाणे स्पार्क पुढे घेत नसेल, तर वरचे पैसे वाया.

खिशाला परवडणारा उपाय पुढच्या स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात आहे. १५ दातांच्या जागी १४ दातांचं बसवलं की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क ७ टक्के वाढतो. इंजिनाची पॉवर तेवढीच राहते. ज्या वेगाला ४००० आरपीएम होते, तिथे आता ४२८६ होतील, हायवेवर आवाज आणि पेट्रोल थोडं वाढेल. झिजलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवू नये, दात महिन्या-दोन महिन्यांत आकड्यासारखे वाकतात. चाक मागे ओढून चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमधल्या आकड्याला आणावा, मागे पुरेशी जागा नसेल तर एक जोडी कडी कमी करावी. मागचं चाक दोन्ही बाजूंच्या खुणांवर सारखं आलंय ना ते पाहूनच नट आवळावा. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालणारा असेल तर तो यापुढे खऱ्यापेक्षा ७ टक्के जास्त वेग दाखवेल.