‘ळ’चं बटण दाबल्यावर काय ऐकू यावं?

1978 च्या जून महिन्यात शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने ‘स्पीक अँड स्पेल’ नावाचं खेळणं मांडलं. वर धरायला मूठ, मधे अक्षरं उमटणारी चकाकती पट्टी आणि खाली ए टू झेड बटणं. यंत्र एक शब्द उच्चारायचं आणि मुलाने त्याचं स्पेलिंग दाबायचं. चुकलं तर आणखी एक संधी मिळायची, पुन्हा चुकलं तर यंत्रच बरोबर स्पेलिंग सांगायचं. त्याआधीही दोरी ओढली की बोलणाऱ्या बाहुल्या होत्या, पण त्यांच्या पोटात छोटी तबकडी फिरायची आणि तिच्यावरचं जे वाक्य वाट्याला येईल ते ऐकून घ्यायचं. मुलाने काय केलं हे पाहून पुढे काय बोलायचं ते ठरवणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं.

टेक्सासच्या चार अभियंत्यांपुढची अडचण साधी होती. आवाज फार जागा खातो. फोनवर चालतो तसा आवाज आकड्यांत साठवायचा, तर सेकंदाला 64,000 बिट लागतात. या खेळण्यात दोन स्मृतीचिप मिळून सुमारे अडीच लाख बिटांची सोय होती, म्हणजे जेमतेम चार सेकंद. चार सेकंदांत शेकड्यावर शब्द बसवायचे कसे?

त्यांनी आवाज साठवलाच नाही, आवाज काढायची कृती साठवली. आपण बोलतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. स्वरयंत्रातून एकसुरी गुणगुण निघते (किंवा ‘स’, ‘श’च्या वेळी नुसती फुसफुस) आणि घसा, जीभ, ओठ मिळून झालेली पोकळी तिला आकार देते. ही पोकळी क्षणाक्षणाला बदलत असली, तरी सेकंदाच्या चाळिसाव्या-पन्नासाव्या भागापुरती ती स्थिर धरता येते, आणि तेवढ्या वेळचा तिचा आकार दहा आकड्यांत मावतो. हे आकडे, सूर किती उंच आणि आवाज किती मोठा, एवढं चिपला दिलं की ती गुणगुण तयार करते आणि दहा पायऱ्यांच्या गणिती गाळणीतून सोडते. 64,000 बिटांचं काम हजार-बाराशेत भागतं. आवाज जरा यंत्रमानवासारखा येतो, पण शब्द कळतो.

या गणिताच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे. कानपूरला जन्मलेले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून अमेरिकेतल्या बेल लॅब्सला गेलेले बिष्णू अटल यांनी ही पद्धत विकसित केली. त्याच सुमारास जपानमध्ये फुमितादा इताकुरा स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालले होते. दोघांच्याही डोक्यात टेलिफोन होता, खेळणं नव्हतं. पुढे मोबाइल फोनमध्ये आवाज कमी बिटांत बसवून पाठवायला याच घराण्यातल्या पद्धती वापरल्या गेल्या.

‘स्पीक अँड स्पेल’ स्पेलिंग शिकवायचं, वाचन नव्हे. इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा. ‘सी-ए-टी’ कितीही वेगात म्हटलं, तरी त्यातून ‘कॅट’ निघत नाही. कॅलिफोर्नियातले एक वकील, माइक वुड, नेमके यालाच अडखळले. त्यांच्या मुलाला अक्षरांची नावं पाठ होती, आवाज जुळत नव्हते. त्यातून 1995 मध्ये ‘लीपफ्रॉग’ कंपनी निघाली आणि 1999 मध्ये तिचं ‘लीपपॅड’ आलं. पाटीवर खरं छापील पुस्तक ठेवायचं आणि तारेने जोडलेला पेन शब्दावर टेकवायचा, की शब्द ऐकू येतो. मात्र पेन कुठे टेकला एवढंच पाटीला कळायचं, कुठलं पान उघडं आहे हे कळायचं नाही. म्हणून पान उलटलं की दर वेळी कोपऱ्यातल्या हिरव्या ‘गो’ गोलाला आधी टेकवावं लागे. विसरलं, की हत्तीवर पेन ठेवल्यावर मागच्या पानावरचा ससा बोलायचा.

ही भानगड सोडवली ठिपक्यांनी. आज ऑनलाइन मिळणारी ‘बोलणाऱ्या पेन’ची पुस्तकं भिंगाखाली धरली, तर चित्रांवर बारीक रवा भुरभुरल्यासारखे करडे ठिपके दिसतात. स्वीडनच्या ‘आनोटो’ कंपनीच्या पद्धतीत हे ठिपके सुमारे 0.3 मिलिमीटर अंतराच्या अदृश्य जाळीवर बसवतात, पण प्रत्येक ठिपका जाळीच्या बिंदूवरून किंचित सरकवलेला असतो: वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे. एका ठिपक्याला चार शक्यता, म्हणजे सहा गुणिले सहा अशा छत्तीस ठिपक्यांना चारचा छत्तिसावा घात. दोन मिलिमीटरांहूनही लहान चौकोन पाहून पेनला कळतं, की हे अमुक पुस्तकाचं अमुक पान आणि त्यातली अमुक जागा. लीपफ्रॉगने 2008 मध्ये आणलेला ‘टॅग’ पेन याच तत्त्वावर होता. जर्मनीतल्या राव्हेन्सबुर्गर कंपनीचा 2010 चा ‘टिपटॉय’ वेगळी ठिपकेलिपी वापरतो, पण जात तीच.

रंगीत चित्रात ठिपके हरवत कसे नाहीत? पेनच्या टोकाशी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशाचा दिवा आणि चिमुकला कॅमेरा असतो. छपाईचे निळे, किरमिजी, पिवळे रंग या प्रकाशाला जवळपास पारदर्शक असतात, पण काजळी असलेली काळी शाई तो शोषून घेते. म्हणून ठिपके काळ्या शाईने छापतात आणि चित्रातल्या गडद छटा बाकीच्या तीन रंगांतून काढतात. आपल्याला हत्ती दिसतो, पेनला पांढऱ्या कागदावरचे ठिपके दिसतात.

म्हणजेच हा पेन वाचत नाही. ‘कमळ’ या शब्दाखाली ‘टमाटा’चे ठिपके छापले, तर तो बिनदिक्कत टमाटा म्हणेल. हे सांगायचं कारण असं, की जाहिरातीत ‘पेन वाचायला शिकवतो’ असं असतं, आणि मूल शब्दाकडे न बघता, नुसतं चित्राला टेकवून पुस्तक संपवतं. घरात दहा मिनिटं शांतता होते, हा फायदा मी कमी लेखत नाही. पण ते ऐकणं झालं.

शांततेबद्दल एक छोटा, पण बोलका अभ्यास आहे. नॉर्दर्न अॅरिझोना विद्यापीठातल्या अॅना सोसा यांनी 26 पालकांना आपापल्या घरी, दहा ते सोळा महिन्यांच्या बाळांसोबत तीन प्रकारच्या वस्तूंनी खेळायला सांगितलं आणि आवाज नोंदवला. निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. बोलणारा लॅपटॉप, बोलणारं शेत, खेळण्यातला फोन असताना मोठी माणसं मिनिटाला सरासरी 40 शब्द बोलली, लाकडी कोडी आणि ठोकळे असताना 56 आणि पुस्तकं असताना 67. खेळणं बोलायला लागलं की आई-बाबा गप्प होतात. ही बाळं वाचनाच्या वयाची नव्हती हे खरं, पण पुढे वाचताना जो शब्दसाठा कामी येतो तो याच वयात जमायला लागतो.

मग सगळी इलेक्ट्रॉनिक पुस्तकं मोडीत काढायची का? तसंही नाही. नेदरलँड्समधल्या झ्सोफिया टाकाच, एलिझ स्वार्त आणि आद्रियाना बुस यांनी 43 अभ्यास एकत्र करून 2015 मध्ये पाहिलं, की गोष्टीत वारा आला तेव्हाच चित्रातलं झाड हललं तर मुलांना गोष्ट जास्त कळते. मात्र दाबलं की बेडूक उडी मारतो आणि कोपऱ्यात छोटा खेळ उघडतो, अशा गमतींनी लक्ष उडतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं ते बहुधा हेच दुसरं.

हाताचाही मुद्दा आहे. इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या पंधरा मुलांना काही अक्षरं स्वतः काढायला दिली, काही गिरवायला आणि काही कळफलकावर दाबायला. नंतर तीच अक्षरं दाखवत मेंदूचं स्कॅनिंग केलं. पुढे वाचनासाठी वापरला जाणारा मेंदूचा डावीकडचा भाग स्वतः काढलेल्या अक्षरांना सर्वाधिक प्रतिसाद देत होता. त्यांचं म्हणणं असं, की मूल स्वतः काढतं तेव्हा प्रत्येक ‘ए’ थोडा वेगळा, वेडावाकडा येतो, आणि एवढ्या वेडेपणातून ‘ए’चं ‘ए’पण कशात आहे ते मेंदू शोधून काढतो. पंधरा मुलं म्हणजे फार नव्हेत. तरी गिरवून गिरवून वळण लावणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर विचार करावा. बटण दाबणंही यात मागेच पडलं.

आता मराठीकडे. ही सगळी खेळणी इंग्रजीसाठी जन्मली आणि आपल्याकडे येताना बहुतेक वेळा फक्त आवाज बदलून येतात. पण देवनागरीची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज, त्यामुळे वुड यांच्या मुलाला सतावणारा प्रश्न बराचसा नाहीच. त्याऐवजी संख्या आहे. चौतीस व्यंजनं आणि बाराखडी, म्हणजे चारशेवर चिन्हं, आणि जोडाक्षरं, रफार, पाय मोडलेली अक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी बंगळूर परिसरात कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या कामातून दिसलं, की इंग्रजीतली सव्वीस अक्षरं मुलं लवकर ओलांडतात, तर अशा लिपीत अक्षरओळख चौथी-पाचवीपर्यंत चालूच राहते. त्यात मुलांची गफलत कशाकशाने होते? ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचणाऱ्यांचा अभ्यास करून 2002 मध्ये दाखवलं, की पहिली वेलांटी वाचनाचा वेग कमी करते, कारण ती दिसते व्यंजनाच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर.

‘क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि’ हा घोष वर्गात अजून चालतो तो उगाच नाही. त्यात एक क तसाच राहतो आणि त्याला काय चिकटलं की आवाज काय होतो ते कानाला कळतं. मला हवं असलेलं मराठी खेळणं या घोषाचंच रूप आहे. लाकडी ‘क’ ठेवला की ‘क’, त्याला काना लावला की ‘का’, काना काढून वेलांटी लावली की ‘कि’. इंग्रजी ठोकळ्यांचं इथे चालत नाही. प्रमोद शर्मा आणि जेरोम शोलेर यांच्या ‘ऑस्मो’ खेळण्यात टॅबलेटच्या कॅमेऱ्यावर छोटा आरसा बसवून टेबलावरची अक्षरं ओळखली जातात, आणि तिथे अक्षरं एकामागे एक ओळीने येतात. आपली मात्रा वर, उकार खाली, वेलांटी आधी, काना नंतर. पारदर्शक चकत्यांवर मात्रा छापून व्यंजनावर ठेवता आल्या, तर हे जमेल.

दुकानात पारखायचं असेल तर तीन बटणं दाबून बघावीत. पहिलं ‘चमचा’. हिंदीतला ‘च’ ऐकू आला, तर आवाज देणारा मराठी नाही. दुसरं ‘करवत’. क, र, व, त असं सुटं म्हणून झाल्यावर ‘कर्वत्’ असा जोडून उच्चार येतो का? सुट्या अक्षरांवरून हा उच्चार गाठणं हीच पहिलीतल्या मुलाची खरी कसरत असते. तिसरं ‘ळ’. इंग्रजी पद्धतीने प्रत्येक अक्षराला त्याने सुरू होणारा शब्द शोधणारे कारखाने इथे अडकतात, कारण मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही. आपण केव्हापासून ‘ळ बाळाचा, ण बाणाचा’ म्हणत आलो आहोत, म्हणजे आवाज शब्दाच्या शेवटी ऐकायला शिकवत आलो आहोत.

महाग खेळण्याला पर्याय शोधणं महाराष्ट्राला नवं नाही. मारिया माँटेसरींची खरखरीत कागदाची अक्षरं बोटाने चाचपून मुलं शिकत. पण त्या पद्धतीचं साहित्य गरिबांच्या बालवाडीला परवडणारं नव्हतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बिया, शिंपले, खडे, पानं अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून ते उभं केलं. आज काहीशे रुपयांत आवाजाची चिप, स्पीकर आणि बॅटरी येते. हौशी शिक्षकाला बाराखडीची बोलती पेटी करणं अवघड नाही, आणि तिच्यात आवाज गावातल्याच कुणाचा तरी घालता येतो.

अवघड आहे ते यंत्राने ऐकणं. गूगलने 2019 मध्ये भारतात ‘बोलो’ नावाचं अॅप आणलं, आधी हिंदी-इंग्रजीत आणि नंतर मराठीतही (पुढे त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं). त्यात मूल मोठ्याने वाचतं आणि अडलं की यंत्र मदत करतं. स्पीक अँड स्पेलच्या अगदी उलट मांडणी, आणि मला तरी जास्त पटणारी. पण मुलांचा घसा लहान, त्यामुळे सूर उंच आणि पोकळीचे ते दहा आकडेही वेगळे. मोठ्यांच्या आवाजावर तयार झालेलं यंत्र तिथे गडबडतं. त्यात बोली. वऱ्हाडातलं किंवा खानदेशातलं मूल समोर ‘केळी’ बघतं आणि घरच्या बोलीत ‘केयी’ म्हणतं. त्याने शब्द बरोबर वाचलेला आहे. वर्गातल्या बाई मान डोलावून पुढचं वाक्य वाचायला लावतात. यंत्र लाल खूण करतं. ही खूण चुकीची आहे हे यंत्राला कळायचं, तर त्याला अकोल्याच्या आणि जळगावच्या पहिलीतल्या मुलांचं वाचन ऐकवावं लागेल, आणि सोबत ते ऐकून ‘हो, बरोबर’ म्हणणाऱ्या त्या बाईंचा निवाडाही नोंदवून द्यावा लागेल.