मोठ्या बोअरचं रीलोडिंग : खर्चाच्या हिशेबामागची पार्श्वभूमी

रीलोडिंग म्हणजे वापरलेल्या पुंगळीत नवा प्रायमर, दारू आणि गोळी भरून पुन्हा काडतूस करणं. काडतुसातला पुन्हा वापरता येणारा भाग एकच, पितळी पुंगळी. ती किती बार टिकते यावरच रीलोडिंग परवडणं ठरत आलं आहे. 1866 च्या सुमारास प्रायमरचे (दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीचे) दोन प्रकार आले. बॉक्सरमध्ये पुंगळीच्या बुडात मधोमध एकच छिद्र, त्यामुळे डायमधली (पुंगळीला पुन्हा आकार देणाऱ्या साच्यातली) सुई जळका प्रायमर एका दाबात बाहेर ढकलते. बर्डनमध्ये सहसा कडेला दोन छिद्रं, तिथं सुई चालत नाही. त्या काळच्या प्रायमरमधला पारा तर धूरविरहित दारूच्या बारात पितळात मुरून पुंगळी ठिसूळ करायचा.

खरी स्वस्ताई दुसऱ्या महायुद्धानंतर आली. 20 मिमी तोफांसाठी बनवलेली मंद जळणारी दारू अमेरिकेत शिल्लक माल म्हणून मातीमोल विकली गेली. तीच पुढे 4831 म्हणून प्रसिद्ध झाली. मोठ्या मॅग्नमना (जास्त दारूच्या जोरदार काडतुसांना) अशीच दारू लागते.

मॅग्नमचा पट्टा (पुंगळीच्या बुडाजवळची उंच कडा) मात्र आजही महागात पडतो. 1912 च्या .375 काडतुसाला (हा आकडा गोळीचा साधारण व्यास, इंचात) खांदा, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तो भाग, अगदी उतरता होता, म्हणून काडतूस चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) अडवायला पट्टा हवा होता. नंतरच्या ठळक खांद्याच्या काडतुसांना त्याची गरज नव्हती, तरी तो ठेवला. हा निर्णय चुकीचाच होता. पट्ट्यावर भरवसा ठेवून चेंबरचा खांदा सैल कापला जातो. बाराला पुंगळी पुढे ताणते, फुल-लेंग्थ (पुंगळी पूर्ण लांबीत दाबणारी) डाय खांदा मागे दाबते, पुढच्या बाराला पुन्हा ताण. पट्ट्याच्या जरा वर पितळ पातळ होतं, बाहेर चकाकती रेघ उमटते आणि शेवटी पुंगळीचे दोन तुकडे होतात. टोक वाकवलेली तार आतून फिरवली की खाच आधीच हाताला लागते. डाय अशी बसवावी की खांदा 0.002 इंचानेच मागे जाईल. दहा बार टिकणारी पुंगळी चारमध्ये गेली, तर दर बारामागे पितळाचा खर्च अडीचपट होतो. रिकामी पुंगळी ‘फुकट’ धरणारे नेमकं हेच विसरतात.

पौंडात 7000 ग्रेन (ग्रेन हे वजन, दारूचे दाणे नव्हेत). .308 ला सुमारे 45 ग्रेन लागतात, म्हणजे पौंडात दीडशेहून जास्त काडतुसं; .338 लापुआला 90 च्या आसपास; .50 ला सव्वादोनशेच्या घरात, म्हणजे जेमतेम तीस. 2020 नंतरच्या प्रायमरटंचाईने आणि युक्रेन युद्धापासून नायट्रोसेल्युलोजच्या (दारूच्या मुख्य घटकाच्या) ओढीने हे आकडे जास्त बोचू लागले. शिवाय .50 ची डाय दीड इंची आट्यांची, नेहमीच्या 7/8 इंची प्रेसमध्ये (डाय बसवायच्या दाबयंत्रात) न बसणारी. तो वेगळा प्रेसही याच मोजक्या काडतुसांवर वाटून घ्यावा लागतो.