रेषा कुठे जाड, कुठे बारीक
नव्याने चित्र काढायला बसणाऱ्या ग्राहकांसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक

दर आठवड्याला कोणीतरी काउंटरवर येतं आणि म्हणतं, "रेषा जाड-बारीक यायला हवी, पेनांचा तो सहाचा सेट द्या." सेट आम्ही विकतो, त्यावरच दुकान चालतं. तरीही पहिले दोन महिने तो घेऊ नका, असंच आम्ही सांगतो. तोवर एक ४बी पेन्सिल, एक ब्लेड आणि घरातले पाठकोरे कागद पुरतात. पेनाच्या सेटमध्ये रेषेची जाडी कंपनीने ठरवून ठेवलेली असते, पेन्सिलीत ती तुमचं बोट ठरवतं. आणि शिकायचं आहे ते बोटालाच.

पेन्सिल

आपण अजून 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण आत शिसं नावाला नाही. आत असतो ग्राफाइट आणि माती यांचा भाजलेला गज. १७९५ मध्ये निकोला-जाक काँते या फ्रेंच माणसाने ही युक्ती काढली, कारण युद्धामुळे इंग्लंडचा चांगला ग्राफाइट फ्रान्सला मिळेनासा झाला होता. माती जास्त घातली की गज कडक होतो आणि रेषा फिकट उमटते, ती झाली एच. माती कमी तर मऊ आणि काळी, ती बी. शाळेच्या दप्तरातली एचबी मधली. एचबीवर कितीही जोर दिला तरी रेषा थोडीशीच बदलते, कागदावर चर मात्र पडतो. ४बी जरा दाबली की लगेच जाड आणि काळी होते. ६बी आणखी मऊ, पण नवशिक्याच्या हातात तिचं टोक दोन मिनिटांत बोथट होतं आणि तळवा काळा होतो.

शार्पनरने टोक आखूड येतं. ब्लेडने लाकूड मागे तासा आणि गज बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका उघडा ठेवा. म्हणजे पेन्सिल उभी धरली की बारीक रेषा आणि आडवी केली की रुंद, दोन्ही एकाच टोकातून मिळतात. ०.५ ची क्लिकवाली पेन्सिल या कामाची नाही. दाबली की मोडते.

हात

लिहिताना आपण पेन्सिल टोकाजवळ धरतो आणि मनगटातून फिरवतो. तेवढ्या फेऱ्यात जेमतेम दोन-तीन बोटं लांबीची रेषा बसते. त्याहून लांब रेषेला मनगट टेकलेलं राहिलं की ती आपोआप वाकते आणि शेवटी लटपटते. लांब रेषा कोपरातून किंवा खांद्यातून काढायची, फक्त करंगळीचं नख कागदावरून घसरत राहू द्यायचं. काढण्याआधी पेन्सिल कागदाला न लावता दोन-तीनदा हवेतच त्या वाटेने फिरवा, मग एका दमात ओढा. रेषा चुकली तर चुकू दे, शेजारी दुसरी काढा. तीच रेषा वरून पुन्हा पुन्हा खरडली की ती केसाळ होते, आणि केसाळ रेषेत जाड काय नि बारीक काय, काहीच कळत नाही.

रोजची पंधरा मिनिटं

आधी वीतभर लांबीच्या दहा रेषा एकाखाली एक काढा, पहिली जेमतेम दिसेल अशी आणि दहावी पूर्ण काळी. बहुतेकांच्या चौथीपासूनच्या सगळ्या सारख्या दिसतात, कारण हात भित्रा असतो किंवा एकदम जोर देतो. आठवडाभर हेच केलंत तरी चालेल.

मग एकाच रेषेत: बारीक सुरू करा, मध्यापर्यंत दाब वाढवत न्या आणि तसाच सोडत शेवटाला बारीक व्हा. भाकरी मध्ये जाड राहून कडेला पातळ होत जाते तशी. दाब वाढवणं सोपं आहे, सोडणं अवघड. रेषा शेवटी 'तुटल्यासारखी' थांबत असेल तर समजा की हात अजून सोडायला शिकलेला नाही.

गोलाईसाठी आमचा आवडता नमुना आपला 'ळ'. हातभर मोठा 'ळ' काढा, खाली येताना दाबत आणि वर जाताना सैल सोडत. दोन वाटोळी, मध्ये वळण, पुन्हा गोल. सराव म्हणून याहून चांगली गोष्ट आम्हाला सापडलेली नाही. पूर्वी कित्ता गिरवायचे तो याच कारणाने. बोरूची गंमत मात्र वेगळी. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून दाब न बदलता नुसती दिशा बदलली की रेषा जाड किंवा बारीक होते. पेन्सिल आणि टोकदार निबेला तसं चालत नाही, त्यांना दाब लागतो. सुलेखन शिकलेले काही ग्राहक इथेच गोंधळतात.

अंगठा दुखायला लागला की थांबा. दुखतो म्हणजे पेन्सिल आवळून धरली आहे.

तांब्या

हात थोडा वळला की घरातला एक तांब्या खिडकीजवळ ठेवा. रेखाकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुलं वस्तुचित्रात हेच काढतात. त्यांच्यातली निम्मी मुलं शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्या कडेवरून एकसारखी काळी आउटलाइन फिरवतात, आणि तोवर चांगला जमलेला तांब्या पत्र्यातून कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागतो.

तोच तांब्या तीनदा काढा. पहिल्यांदा सगळीकडे एकाच जाडीची रेषा. दुसऱ्यांदा उजेड बघून: समजा खिडकी डावीकडे आहे, तर डाव्या कडेची रेषा इतकी बारीक काढा की पोटाच्या फुगवट्यावर ती मध्येच नाहीशी झाली तरी चालेल. डोळा ती जोडून घेतो. उजवी कड जाड. सगळ्यात जाड रेषा बुडाशी, जिथे तांब्या पाटावर टेकतो, कारण त्या फटीत उजेड जातच नाही. ती एक रेषा नीट पडली की तांब्याला वजन येतं. ती बारीक ठेवलीत तर तांब्या पाटाच्या वर तरंगतो. करून बघा, हसू येईल.

गळ्यापाशी जरा थांबा. पोट वर येऊन गळ्यात आत वळतं तिथे दोन रेषा भेटतात, एक दुसरीच्या मागे जाते. भेटतात त्या जागी थोडं दाबा आणि मागे जाणारी रेषा तिथून सुटताना हलकी करा. एवढ्याशा काळ्या ठिपक्याने पुढे काय आणि मागे काय ते कळतं. काठाच्या लंबगोलातही तेच: पुढची कड ठसठशीत, पलीकडची फिकी.

तिसऱ्यांदा तांब्यामागे एक वाटी ठेवा आणि उजेड विसरून फक्त जवळ-लांब बघा. जवळचा तांब्या जाड रेषेत, मागची वाटी पूर्ण बारीक. इथे नवशिके वाटीवरची नक्षी गडद काढतात, कारण ती त्यांना आवडलेली असते, आणि वाटी उडी मारून पुढे येते.

जाड-बारीक केल्याशिवाय चित्र होत नाही असं मात्र नाही. वारली चित्रात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा बहुतेक एकाच जाडीच्या असतात आणि अख्खी लग्नं, तारपा नाच त्यात उभे राहतात. तिथे खोली दाखवायचीच नसते. तुम्हाला ती दाखवायची आहे का, हे आधी ठरवा.

मग पेन

पेन्सिलीवर हे जमलं की पेनाकडे या. फाइनलायनर म्हणजे ठरावीक जाडीच्या बारीक टोकाचं पेन, सेटमध्ये असतात तेच. त्याच्या अंकांवरून फार फसगत होते. साकुरा कंपनीच्या पिग्मा मायक्रॉन पेनावर ०१ लिहिलेलं असतं, पण रेषा पडते ०.२५ मिलिमीटरची. ००५ ची ०.२०, ०३ ची ०.३५, ०५ ची ०.४५ आणि ०८ ची ०.५०. म्हणजे ०५ आणि ०८ शेजारी ठेवले तर फरक डोळ्याला जाणवेलच असं नाही. यंत्राच्या नकाशांत ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ अशा जाड्या ठरलेल्या आहेत, प्रत्येक आधीच्या सुमारे १.४ पट. तेवढं अंतर असलं की फरक चटकन दिसतो. आमचा सल्ला: ०१ आणि ०५, दोनच घ्या. याहून जाड हवी तिथे ०५ ने रेषेच्या सावलीकडच्या बाजूला लागून दुसरी रेषा ओढा. फाइनलायनर दाबू नका. त्याची रेषा दाबाने जाड होत नाही, टोक आत जातं आणि पेन संपतं.

दाबाला खरा प्रतिसाद देते ती ब्रश पेन आणि बुडवायची नीब. निबेला चीर असते, दाबलं की दोन टोकं फाकतात आणि शाई जास्त उतरते. पण हे आपल्याकडे ओढतानाच. वर ढकलताना दाबलंत तर टोक कागदात रुततं आणि शाईचे शिंतोडे उडतात. नव्या निबेवर गंज चढू नये म्हणून तेलाचा थर असतो, त्यावर शाई थांबत नाही. भांड्याच्या साबणाने धुऊन, पुसून मगच वापरा.

वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग शाई फाउंटन पेनात भरू नका. आमच्या मालकांनी शाळेत असताना वडिलांच्या पेनात भरली होती. त्या शाईत लाख असते, ती आत सुकली, पेन आजही ड्रॉवरमध्ये आहे, बंद.

फाइनलायनर आणि निबेला कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या. पाठकोऱ्या पातळ कागदावर शाई फुटते आणि बारीक रेषाही जाड होते, मग दोष हाताचा की कागदाचा ते कळत नाही.

पेन घेण्याआधी काउंटरवरच्या वहीत चालवून बघा, त्यासाठीच ती ठेवली आहे. शेजारी तांब्याही आहे. नीब मात्र एकदा शाईत बुडाली की परत घेता येत नाही.