सोलापूरच्या तळ्यांत जलपर्णीचं तण आणि उपद्रवी जीव आले कुठून?

सोलापूरची पाणथळं बहुतेक माणसानंच घडवलेली. सिद्धेश्वर तलावाची परंपरा बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांपर्यंत जाते. आदिला नदीवरचा एकरुख, म्हणजे हिप्परग्याचा तलाव १८७१ मधला, तर भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. बांधणाऱ्यांच्या मनात शेती आणि पिण्याचं पाणी होतं. बदकं, शेकाट्या आणि रोहित (फ्लेमिंगो) हे पक्षी मागाहून आपणहून आले.

जलपर्णी मात्र माणसानंच आणली. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती जांभळ्या फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि पुढे देशभर पसरली. एक रोप उपसून बघा: देठ हवेनं फुगलेले, खाली काळसर केसाळ मुळांचा झुबका, बाजूला आडव्या धुमाऱ्यावर नवं पिल्लू. ते तुटलं की वेगळं झाड. शिवाय बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद, म्हणजे आयतं खत, मिळालं की ती अक्षरशः माजते. सोलापूर शहरातल्या कंबर तलावात हेच झालं. उजनीत तर पुणे-पिंपरीचं मैलापाणी मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणीतून भीमेवाटे येतं.

१९८०च्या दशकात जलपर्णी खाणारे भुंगे भारतात आणून सोडले गेले. काही तळ्यांत त्यांनी चांगलं काम केलं. पण खत मिळालेलं तण भुंग्याच्या खाण्यापेक्षा वेगानं वाढतं.

माशांचंही तसंच. चिलापी (तिलापिया) १९५२ मध्ये उत्पादन वाढावं म्हणून देशात आणली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची पिल्लं वाचतात आणि देशी मासे मागे पडतात. आफ्रिकी मांगूर तर इतका खादाड की २००० मध्ये त्याच्या पैदाशीवर बंदी आली.

काठावरची मोकाट कुत्री टिटवीची उघड्यावरची अंडी फस्त करतात. नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं पकडल्या जागीच सोडावं लागतं. म्हणजे ती दुसरीकडे नेऊन सोडणं हा उपाय नाहीच. खरकटं आणि मांसाचा कचरा काठावर पडणं थांबवणं, हे मात्र नक्की आपल्या हातात आहे.

आजवर भर राहिला तो यंत्रानं जलपर्णी उपसण्यावर. उपसलेला ढीग काठावरच राहिला तर पहिल्या मोठ्या पावसात परत पाण्यात जातो. आधी नाले अडवून पाणी शुद्ध करायचं, मग फुलं धरण्याआधी तण काढायचं आणि त्याच दिवशी लांब न्यायचं, हा क्रम पाळलाच पाहिजे.